थंडीत सकाळी डिझेल ट्रक उचलत नाही तेव्हा: दोष शोधण्याची पद्धत

निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा ४-५ अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि इकडे ट्रकच्या अड्ड्यावर सेल्फची (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची) घरघर सुरू होते. रात्री कांदा भरून उभी केलेली गाडी सकाळी सहाला निघायची असते. किल्ली फिरते, इंजिन दमल्यासारखं दोन-चार फेरे मारतं आणि थांबतं. मग धक्का, मग शेजारच्या गाडीची बॅटरी, मग वायरमनला फोन. आठ वाजता ऊन आलं की तीच गाडी एका सेल्फमध्ये उचलते, दिवसभर नीट चालते आणि सगळे ती गोष्ट विसरून जातात. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

माझ्या एका दहाचाकी गाडीला एका हिवाळ्यात मी दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, सेल्फ खोलून ब्रश बदलून घेतले, तरी फरक पडला नाही. शेवटी दोष निघाला तो टाकीकडून फीड पंपाकडे (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणाऱ्या पंपाकडे) येणाऱ्या वीतभर रबरी होजमध्ये. तो पैसा परत आला नाही, पण त्यानंतर मी एक पद्धत धरली: इंजिन सकाळी काय सांगतंय ते आधी ऐकायचं आणि मगच पान्याला हात लावायचा. बहुतेक वेळा थंडी नवा दोष आणत नाही. उन्हाळ्यात झाकून राहिलेला दोष ती उघडा पाडते.

थंडीत इंजिनाला काय होतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, साधारण १६ ते २० पट. त्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा आणि सिलिंडर दोन्ही गार असले की ही उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. त्यात इंजिन हळू फिरलं तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणजे दाबही कमी आणि ताप त्याहून कमी.

म्हणून सुरू होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, आतली हवा पुरेशी तापली पाहिजे आणि डिझेल वेळेवर नोझलपर्यंत, म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोहोचलं पाहिजे. दुपारी यातली एक बाजू लंगडी असली तरी बाकीच्या दोन सांभाळून घेतात, पहाटे घेत नाहीत. पुढची सगळी तपासणी या तिघांपैकी लंगडं कोण, हे ठरवण्यासाठी आहे.

पहिला सेल्फ, पहिली दहा सेकंदं

गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन पूर्ण गार असतानाच ही परीक्षा घ्यायची. एकदा उचलून गरम केलेल्या गाडीवर ती घेऊन उपयोग नाही. मिस्त्री दहा वाजता येतो आणि म्हणतो, 'गाडी तर ठीक आहे', त्याचं कारण हेच. एक माणूस केबिनमध्ये, दुसरा सायलेन्सरच्या तोंडाशी, थोडा बाजूला. दहा सेकंद सेल्फ मारायचा आणि सोडायचा.

फक्त 'टक' आवाज आला, किंवा इंजिन जड, रेंगाळत फिरलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरी, केबल आणि सेल्फकडे जा. डिझेलच्या बाजूला हातही लावू नका.

इंजिन रोजच्या वेगाने फिरतंय पण सायलेन्सरमधून काहीच धूर नाही, तर डिझेल आत पोहोचत नाही. हवा पकडली असेल, फिल्टर बंद असेल, इंजिन बंद करणारी स्टॉपची यंत्रणा अडकली असेल किंवा कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत) प्रेशर बनत नसेल.

वेगाने फिरतंय आणि पांढरा धूर येतोय, नाकाला कच्च्या डिझेलचा वास लागतोय, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे), कॉम्प्रेशन (हवेचा दाब), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा नोझलची फवारणी बघायची.

सुरू होऊन एक-दोन मिनिटांत बंद पडली, तर फिल्टरमध्ये होतं तेवढं डिझेल जळलं आणि मागून आलं नाही. हे लक्षण वेगळं लक्षात ठेवा, उत्तरेकडच्या फेरीत ते महत्त्वाचं ठरतं.

एवढं कळलं की अर्धं काम झालं. रोग ओळखण्यात ही दहा सेकंदं जितकी कामाची, तितकं कुठलंही महागडं यंत्र नाही, असं मी अनुभवाने म्हणतो. सेल्फ मात्र सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. चालकाचा धीर सुटतो आणि तो तीस-तीस सेकंद किल्ली धरून ठेवतो. त्यात सेल्फची वाइंडिंग जळते आणि एका दोषाचे दोन होतात.

बॅटरी, केबल, सेल्फ

शून्य अंशाच्या आसपास चांगल्या बॅटरीचीसुद्धा सेल्फ फिरवण्याची ताकद पाव ते एक तृतीयांश कमी होते आणि त्याच वेळी गार, घट्ट तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्ही मार एकदम बसतात, म्हणून तीन वर्षांची बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या थंड आठवड्यात मान टाकते.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मल्टिमीटर २४ व्होल्टवर लावून 'ठीक आहे' म्हणू नका. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येकीवर १२.६ च्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. दोघींत ०.२ व्होल्टहून जास्त फरक असला तर कमी असलेलीवर संशय. मग सेल्फ मारताना प्रत्येकीवर मीटर धरा. एक १०.५ वर टिकली आणि दुसरी ७ वर कोसळली, तर दोषी कोण ते समोर आलं. साडेनऊच्या खाली जाणारी बॅटरी थंडीत भरवशाची नाही.

हा फरक येतो कुठून? आपल्याकडे त्याचं एक ठरलेलं कारण आहे. चालक म्युझिक सिस्टिम, मोबाइल चार्जर, केबिनमधला छोटा पंखा चालवायला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढतो. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते. अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. उन्हाळ्यात हे कळत नाही. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला. जुनीच्या जोडीला नवी घातली तर नवीही वर्षभरात जुनीसारखी होते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) वापरा. पूर्ण चार्ज बॅटरीत १.२६ ते १.२८, अर्ध्या चार्जला १.१९ च्या आसपास. सहापैकी एकच घर खूप खाली दाखवत असेल तर ते घर मेलं, कितीही चार्ज केलं तरी पहाटे दगा देणार.

बॅटरी चांगली निघाली तर केबल. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा मळ कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, आतून पॉलिश पेपर मारा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली लावा. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर तेवढी वीज केबल आणि जोड खातायत. तसंच बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजा, तिथे ०.३ हून जास्त नको. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी चिखलाने आणि गंजाने खाल्लेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, म्हणूनच ती आधी बघा.

केबलही चांगली असेल आणि इंजिन तरी रेंगाळत असेल, तेव्हाच सेल्फ खोला: ब्रश झिजलेत का, बुश ढिलं होऊन आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासतंय का, सॉलेनॉइडचे (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचचे) तांब्याचे संपर्क जळालेत का. चालू इंजिनावर चार्जिंगही मोजा. २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.५ ते २८.५, १२ व्होल्टच्या पिकअपमध्ये १३.८ ते १४.४.

शेजारच्या गाडीची वीज घेताना २४ ला २४ च, १२ ला १२ च. आधी बंद गाडीचा प्लस, मग चांगल्या गाडीचा प्लस, मग चांगल्या गाडीचा मायनस आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडाला ठिणगी पडतेच, ती बॅटरीजवळ पडू नये म्हणून हा क्रम.

डिझेलमध्ये हवा: सगळ्यात जास्त फसवणारा दोष

आता त्या वीतभर होजची गोष्ट. सेल्फ जोरात फिरतो, धूर नाही, पाच-सहा वेळा मारल्यावर एकदम धूर येतो आणि गाडी उचलते. दिवसभर कितीही वेळा बंद करा, लगेच सुरू. रात्रभर उभी राहिली की पुन्हा तेच. लोक म्हणतात बॅटरी कमजोर, कारण पाच-सहा वेळा मारून ती खरोखरच कमजोर झालेली असते.

होतं असं की टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणीची बाजू आहे. इंजिन चालू असताना तिथे दाब नसतो, उलट ओढ असते. त्यामुळे तिथे बारीक फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली थेंब पडत नाही, ओलं दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. गाडी रात्री उभी राहिली की त्याच फटीतून हवा घुसते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. आणि हे थंडीतच का? जुनं रबर गारठ्यात कडक होतं, आकसतं आणि क्लिपखालची त्याची पकड सुटते. दुपारी तेच रबर मऊ होऊन फट बुजवतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पहाटे सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबून बघा. चार-पाच दाबांत कडक झाला तर नळी भरलेली आहे. वीस-तीस वेळा मऊच दाबला जातोय आणि मग कडक होतोय, तर डिझेल उतरून गेलं होतं. प्रायमर कडक झाल्यावर सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात उचलली तर दोष सापडला, बॅटरीवाल्याकडे जायची गरज नाही.

आता फट कुठे ते शोधायचं. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक होज जोडा आणि इंजिन चालू करून बघा, बुडबुडे दिसतात का. दिसले तर एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन नव्या होजने थेट फीड पंपाला द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत आहे. नाही थांबले तर पंपात किंवा पुढे. नळीच्या बाजूला बघायच्या जागा: प्रत्येक रबरी जोड आणि क्लिप, बँजो बोल्टाचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वॉशर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या वाटीचं रबर, हँड प्रायमरचं स्वतःचं रबर. पंपाच्या बाजूला फीड पंपातले छोटे व्हॉल्व्ह, ज्यांच्याखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी डिझेल मागे उतरतं. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइनही विसरू नका. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नका. ते नगण्य किमतीत मिळतात आणि त्यांच्यापायी दोन-दोन दिवस गाडी उभी राहिलेली मी पाहिली आहे.

एक खूण आणखी. टाकी भरलेली असताना त्रास नाही आणि अर्ध्याखाली गेली की सुरू होतो, तर टाकीतली उभी ओढणी नळी वरच्या बाजूला चिरलेली आहे. डिझेल त्या चिरेच्या वर असेपर्यंत ती झाकलेली राहते. आणि चालता चालता ताकद कमी होऊन गाडी बंद पडते, टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' आवाज येतो आणि पुन्हा चालते, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

हवा काढायची पद्धत जुन्या पंपाच्या गाडीत अशी: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, प्रायमर दाबत राहा, फेस जाऊन निखळ डिझेल आलं की स्क्रू घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. मग नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल झिरपलं की घट्ट. कॉमन रेल गाडीत मात्र फिल्टरपर्यंतच थांबा. तिथल्या पाइपांत चालू इंजिनाला हजार बारच्या वर दाब असतो. सैल नटातून निघालेली केसाएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत मांसात जाते. दिसायला सुई टोचल्यासारखं दिसतं, पण हात जाऊ शकतो. अशी जखम झाली तर दुखत नसलं तरी तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

याच पायरीवर जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप केबल किंवा हवेवर चालणारा स्टॉप सिलिंडर पाहून घ्या. ग्रीस वाळलेलं असलं की थंडीत लिव्हर बंदच्या बाजूला अर्धवट अडकून राहतो आणि पंप डिझेल देत नाही. बोटाने लिव्हर पूर्ण मागे येतोय का ते बघा. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारी) पाकळीही अशीच बंद अडकते, मग धूर बाहेर जायला वाट मिळत नाही आणि गाडी उचलत नाही.

पांढरा धूर येतोय, पण पेटत नाही

पिकअप, छोटे टेम्पो आणि बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत हीटर प्लग असतात. मोठ्या ट्रकच्या इंजिनांत बहुधा ते नसतात. काहींत हवेच्या वाटेवर तापणारी जाळी असते, काहींत काहीच नसतं आणि सगळा भार कॉम्प्रेशनवर. म्हणून आधी आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

डॅशबोर्डवरचा गुंडाळीसारखा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले असं नाही. तो फक्त वेळ सांगतो. प्लगवरची जोडपट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तो मेला. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. सगळे प्लग चांगले असतील तर किल्ली लावल्यावर पट्टीवर वीज येते का बघा; नसेल तर रिले किंवा फ्यूज. प्लग थेट बॅटरीला लावून लाल होतो का ते पाहण्याची सवय सोडा. नव्या गाड्यांचे बरेच प्लग ५-७ व्होल्टचे असतात, १२ व्होल्टवर ते क्षणात जळतात.

चारपैकी एक मेला तर गाडी तीन सिलिंडरवर उचलते, मिनिटभर थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग सरळ होते. प्लग काढताना इंजिन कोमट हवं, आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडलेलं हवं आणि जोर बेताचा. गार हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) प्लग तुटला तर हेड उतरवावं लागतं.

प्लग ठीक असूनही धूर पांढराच, तर नोझल तपासायला द्या. थेंब टाकणारं नोझल दुपारी चालून जातं, पहाटे नाही. जुन्या पंपाची गाडी असेल आणि त्रास पंपाचं काम करून घेतल्यानंतर सुरू झाला असेल, तर टायमिंग मागे पडलंय हे जवळजवळ नक्की.

कॉम्प्रेशनचं थोडक्यात. तेलाचं झाकण उघडल्यावर चालू इंजिनातून भपकारे येतात, तेल कमी होतं, गरम झाल्यावरही ताकद नाही, असं सगळं एकत्र असेल तर गेज लावा. निरोगी इंजिनात साधारण २५ ते ३५ बार मिळतात आणि सिलिंडरांत फार फरक नसतो. पण गेज लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हवर सोडलेली फट) तपासा. घट्ट बसलेला टॅपेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही आणि कॉम्प्रेशन गेल्यासारखं भासतं. तासाभराच्या कामाऐवजी इंजिन खोललेली उदाहरणं आहेत. आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, कूलंट कमी होत असेल, तर तो डिझेलचा धूर नाही, वाफ आहे. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड पॅकिंगकडे बघा.

कॉमन रेल गाडीला स्कॅनर लावायचा तो पहाटेच

बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी मानकांच्या) गाड्यांत संगणक ठरवतो डिझेल सोडायचं की नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर (त्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) दोन आकडे बघा. एक, इंजिनाचे फेरे. शून्य दिसत असतील तर क्रँक सेन्सर. दोन, रेल प्रेशर. अनेक गाड्यांत ते २००-२५० बारच्या वर गेल्याशिवाय नोझल उघडतच नाहीत. प्रेशर हळूहळू चढत असेल तर आधी हवा आणि फिल्टर बघा, मग नोझलची रिटर्न तपासा: प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावायची, ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमा होतं ते नोझल प्रेशर खातंय.

आणि एक फुकटची परीक्षा, जी फार कमी लोक करतात. रात्रभर उभ्या गाडीत, सेल्फ न मारता, नुसती किल्ली लावून कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमानं वाचा. तिन्ही बाहेरच्या थंडीइतकी, एकमेकांच्या दोन-चार अंशांत हवीत. बाहेर ६ अंश आणि कूलंट सेन्सर ४० म्हणत असेल, तर संगणकाला वाटतं इंजिन गरम आहे. तो हीटर चालवत नाही आणि डिझेलही कमी देतो. कित्येकदा फॉल्ट कोडही येत नाही.

या गाड्यांत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबून काही मिळत नाही, पाय वर ठेवा. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीला मात्र दाबलेल्या रेसचा थंडीत उपयोग होतो. फक्त उचलल्याबरोबर पाय सोडा, तेल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात.

तेलाबद्दल एकच. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घाला. 'आपल्याकडे ऊन फार' म्हणून २०डब्ल्यू-५० घालणाऱ्यांची गाडी पहाटे जड फिरते.

गाडी उत्तरेला जाणार असेल

महाराष्ट्रात डिझेल गोठल्यामुळे गाडी अडली, असं क्वचितच घडतं. दोन-तीनशे लिटरची टाकी हवेइतकी लवकर गार होत नाही. म्हणून निफाडच्या थंडीत 'डिझेल गोठलं' हे निदान मी शेवटी ठेवतो. पण इथून कांदा, द्राक्षं, केळी घेऊन काश्मीर किंवा हिमाचलला जाणाऱ्या गाडीला तो खरा धोका आहे.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण बनतात आणि फिल्टरच्या कागदावर थर बसतो. डिझेल टाकीत वाहतं दिसतं, पण फिल्टरमधून जात नाही. आपल्या देशातल्या डिझेलच्या आयएस १४६० मानकात फिल्टर बंद पडण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. प्रत्यक्ष डिझेल याहून बरं असू शकतं, पण हमी तेवढीच. म्हणजे ऑक्टोबरमध्ये भरलेलं, उन्हाळी मर्यादेतलं डिझेल घेऊन काश्मीरच्या वाटेवरचं बनिहाल ओलांडलं आणि रात्री पारा उणे गेला, तर सकाळी गाडी एक मिनिट चालून बंद पडण्याची पूर्ण तयारी झालेली असते. लडाख, कारगिल, काझा, केलाँगसारख्या ठिकाणांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपत रिफायनरीतून हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. तिकडे ते मिळतं, ते घ्या.

म्हणून नाशिकहून टाकी काठोकाठ भरून निघायची सवय या फेरीपुरती मोडा. जम्मूला पोहोचेपर्यंत टाकी जेमतेम उरेल असा हिशेब धरा आणि वर चढताना तिथलं ताजं डिझेल भरा. थंडीचं अॅडिटिव्ह घालायचं असेल तर मेण धरण्याआधी, भरतानाच घाला. थर बसल्यावर ते उपयोगाचं नाही. नवा फिल्टर, त्याचं रबर आणि दोन लिटर स्वच्छ डिझेल केबिनमध्ये, उबेत ठेवा. रोज संध्याकाळी वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, सकाळी नको, सकाळी ते बर्फ झालेलं असतं.

डिझेलने मेण धरलंच तर फिल्टरभोवती कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी ओता, वायरिंगवर नको, किंवा सरळ फिल्टर बदला. मग प्रायमरने भरून घ्या, ऊन येईपर्यंत थांबा. काश्मीरच्या वाटेवरच्या जुन्या जवाहर बोगद्याच्या काळापासून चालक टाकीखाली आणि चेंबरखाली (इंजिनातलं तेल साठतं त्या भांड्याखाली) जाळ करत आलेत. त्यांची अगतिकता मला समजते, पण डिझेल, ग्रीस, रबरी होज आणि ब्रेकचे पाइप सगळे त्या जाळाच्या वर असतात. गाडीबरोबर माणूस जातो. ते करू नका.

रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर निघूच नका. पाणी गोठताना फुगतं आणि ब्लॉक फोडतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ च्या आसपास निभतं. बीएस-६ गाडीतला युरिया (धूर साफ करणारं द्रावण) उणे ११ ला गोठतो, त्याला घाबरू नका, टाकीत हीटर असतो आणि त्यामुळे इंजिन सुरू व्हायचं अडत नाही. ती टाकी फक्त तोंडापर्यंत भरू नका.

अड्ड्यावरचे उपाय, जे करू नयेत

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरून सेल्फ मारणं, किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं. हीटर प्लग किंवा जाळी तापलेली असताना ती वाफ आत गेली की पिस्टन वर येण्याआधीच भडका होतो. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, फडकं धरणाऱ्याचा चेहरा भाजतो. एकदा गाडी स्प्रेवर उचलायची सवय लागली की ज्या दोषामुळे स्प्रे लागतो तो कुणी शोधत नाही आणि वर्षभरात इंजिन खोलायच्या कामाला येतं.

रॉकेल मिसळणं. जुन्या पंपांनी ते सहन केलं. कॉमन रेल पंपाला डिझेलचंच वंगण लागतं, रॉकेल ते काढून घेतं. पंप झिजून त्याचा लोखंडी चुरा नोझलपर्यंत जातो, त्या दुरुस्तीत छोटी गाडी येईल. शिवाय ती भेसळ आहे, गुन्हा आहे.

उतारावर गाडी लावून गिअरमध्ये उचलणं. रिकाम्या जुन्या गाडीला एखादे वेळी ठीक. पण हवेचे ब्रेक असलेल्या, माल भरलेल्या ट्रकची टाकी रात्रीत उतरलेली असते. इंजिन उचललं नाही तर थांबवायला हवा नसते आणि उतार पुढे चालूच असतो.

रात्री गाडी उभी करताना दहा मिनिटांचं काम आहे, ते क्लिनरला लावून द्या. टाकी अर्ध्याच्या वर, म्हणजे आत दव धरून पाणी कमी साचतं. सेपरेटरचा स्क्रू उघडून पाणी बाहेर. केबिनचे दिवे, चार्जर, म्युझिक बंद आणि शक्य असेल तर बॅटरीचा मेन स्विच बंद. इंजिनाची बाजू वाऱ्याकडे नको, भिंतीकडे. पहाटे आधी प्रायमर, मग किल्ली लावून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबणं, फार गार असेल तर किल्ली बंद करून पुन्हा एकदा तेच. मग क्लच पूर्ण दाबून सेल्फ, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल फिरवायचं ओझं इंजिनावर पडत नाही. आणि ज्या सकाळी एकाऐवजी तीन सेल्फ लागले, ती तारीख आणि धुराचा रंग केबिनमधल्या वहीत लिहून ठेवा. मिस्त्री दहा वाजता येईल तेव्हा गाडी गरम असेल. त्याला दाखवायला ती वही लागेल.